सफरचंद-दालचिनीचं गोड पॅटीस: घरच्या ओटीजीतल्या नोंदी

दादा सहा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला होता, जूनमध्ये कायमचा परत आला. तिथल्या बेकरीत 'आप्फेलटाशे' मिळतं. पदर सुटलेल्या आवरणात शिजवलेलं सफरचंद, दालचिनी, वरून साखरेचा पातळ लेप. सकाळी कामावर जाताना तो ते घ्यायचा आणि अजून त्याची आठवण काढतो. भाऊबीज 3 नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी त्याच्या ताटात हे वाढायचं, असं ठरवलंय. हाताशी चार आठवडे आहेत.

पुण्यात पॅटीस म्हटलं की बेकरीतलं बटाट्याचं तिखट पॅटीस. त्याचंच आवरण, आत गोड सारण, म्हणून मी याला गोड पॅटीस म्हणतेय. साधनं: 28 लिटरचा जुना ओटीजी (विजेची छोटी भट्टी), डिजिटल वजनकाटा, पोळपाट-लाटणं. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे आणि महिना ऑक्टोबरचा आहे. हा तपशील पुढे फार महागात पडला, म्हणून आधीच लिहून ठेवते.

शनिवार, 5 ऑक्टोबर 2024

फक्त खरेदी. लाल सफरचंदं 1 किलो 180 रुपये, बिनमिठाचं बटर 100 ग्रॅमच्या दोन वड्या 124, मैदा 1 किलो 48, दालचिनीची पूड 50 ग्रॅम 45, बटर पेपर 90. एकूण 487 रुपये. सफरचंदं रंगावर भुलून घेतली, दाबून पाहिली नाहीत. ही पहिली चूक.

रविवार, 6 ऑक्टोबर

झटपट पफची (बटरच्या थरांच्या आवरणाची) सगळीकडे सांगतात तीच पद्धत घेतली. मैदा 250 ग्रॅम, बटरचे गार तुकडे 200 ग्रॅम, बर्फाचं पाणी 110 मिली. बटर न कुस्करता पीठ नुसतं गोळा करायचं, लांबट लाटायचं, पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची आणि हे चार वेळा करायचं. चार घड्यांत 81 थर होतात.

दुपारी दोनला बसले. ओट्यावर तापमान 31 अंश. पहिली घडी बरी झाली. दुसऱ्या घडीला बटरचे तुकडे पिठातून डोकावायला लागले, ओट्याला चिकटले. वरून मैदा भुरभुरत राहिले, त्यानं पीठ आणखी घट्ट झालं. तिसऱ्या घडीपर्यंत बटर पिठात पार मुरलं होतं. तिथेच थांबून सगळं फ्रीजमध्ये टाकायला हवं होतं, मी हट्टानं चौथी घडी घातली.

सारण म्हणून सफरचंदाच्या कच्च्या फोडी, साखर आणि दालचिनी एकत्र करून थेट भरलं. ओटीजीचं बटण 200 वर. पंधराव्या मिनिटाला ट्रेमध्ये बटरचं तळं झालं, विसाव्या मिनिटाला धूर. सफरचंदाला सुटलेलं पाणी शिवणीतून बाहेर आलं आणि साखर ट्रेवर जळून डांबरासारखी घट्ट बसली. आवरण वरून बिस्किटासारखं कडक, खालून कच्चं. आठपैकी एकही वाढण्यासारखं नव्हतं. ट्रे रात्रभर गरम पाण्यात भिजवून सकाळी कालथ्यानं खरवडला.

वाया गेलं: साधारण 250 रुपयांचं सामान आणि साडेतीन तास.

बुधवार, 9 ऑक्टोबर

आवरण आणि सारण यांचे घोळ एकाच दिवशी सोडवायचे नाहीत, असं ठरवलं. आज नुसतं सारण.

उरलेली लाल सफरचंदं कढईत शिजवली. सात मिनिटांत त्यांचा लगदा. चव गोड, पण नुसतीच गोड. ही पिठूळ जातीची सफरचंदं कापून खायला चांगली, शिजवायला नाहीत. संध्याकाळी मंडईतून दोन प्रकार आणले: किन्नौरची घट्ट सफरचंदं (200 रुपये किलो) आणि बाहेरून आलेली हिरवी आंबट (280 रुपये किलो). हिरव्याच्या फोडी शिजूनही उभ्या राहिल्या, पण तेवढ्यांचंच सारण केलं तर साखर फार लागते. अर्धी-अर्धी घेतली तेव्हा जमलं. हिरवी मिळाली नाहीत तर नुसती किन्नौरची घ्या, लिंबू वाढवा.

पाण्याचा प्रश्न असा सुटला. 500 ग्रॅम सफरचंदं सोलून, बिया काढून साधारण 400 ग्रॅम उरतात. त्यांच्या नखाएवढ्या फोडी केल्या, त्यांना 60 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून वीस मिनिटं तशाच ठेवल्या. तळाशी अर्धी वाटी रस सुटला. फोडी बाजूला काढून आधी नुसता रस कढईत आटवला, मधासारखा दाट झाल्यावर फोडी घातल्या आणि पाच मिनिटं परतल्या. शेवटी 1 चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घातलं. उलथनं कढईतून ओढलं की मागे वाट मोकळी राहिली पाहिजे, सारण लगेच मिटता कामा नये. रस आणि फोडी एकदमच शिजवल्या की रस आटेपर्यंत फोडी विरघळतात. मी तेही करून पाहिलं.

दालचिनी पहिल्या वेळी सुरुवातीलाच घातली होती. सारण किंचित बुळबुळीत झालं. बाजारच्या पुडीला ओलाव्यात बराच वेळ ठेवलं की ती फुगून असा चिकटा सोडते. आता आच बंद केल्यावर घालते, पाऊण चहाचा चमचा.

सारण ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. कोमट सारणानं काय होतं ते पुढच्या नोंदीत.

रविवार, 13 ऑक्टोबर

पफचा दुसरा प्रयत्न, पहाटे साडेपाचला. ओट्यावर 24 अंश. परात, लाटणं, मैदासुद्धा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं होतं. प्रत्येक घडीनंतर पीठ चाळीस मिनिटं फ्रीजमध्ये. या वेळी थर आले. कापलेल्या कडेला पुस्तकाच्या पानांसारखे दिसत होते, फार आनंद झाला.

पण पाच वाजून तीस मिनिटांनी सुरू केलेलं काम साडेदहाला संपलं. साडेआठच्या पुढे उकाडा वाढला आणि शेवटची तीन पॅटिसं हातातच मऊ पडली. घाईत त्यांत कोमट सारण भरलं, त्यांच्या खालचं बटर भाजायच्या आधीच वितळलं. आठपैकी पाच चांगली झाली, तीन बसली.

पाच चांगली झाली म्हणजे पद्धत चुकीची नाही. ज्यांच्याकडे एसी आहे किंवा जे डिसेंबर-जानेवारीत करणार आहेत त्यांनी जरूर करावी. पण भाऊबीजेच्या दिवशी घरात चौदा माणसं असताना पाच तास ओटा अडवून ठेवणं मला शक्य नाही. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं आणि माझा ओटा 31 वर असतो. या दोन आकड्यांमध्ये जागाच उरत नाही.

बुधवार, 16 ऑक्टोबर (कोजागरी)

रात्री दूध आटत असताना दापोलीच्या मावशीचा फोन आला. तिला सगळी हकीगत सांगितली. ती म्हणाली, "अगं, मग चिरोट्याचा साटा काय वाईट आहे? आमच्याकडे तर दिवाळीत घामाच्या धारा लागलेल्या असतात, तरी पदर सुटतातच ना?"

मी म्हटलं, "मावशी, पण चिरोटे तळतात. मला भाजायचंय."

"मग भाजून बघ. साटा पळून जात नाही. त्यात पीठ असतं, ते तुपाला धरून ठेवतं."

एवढं एकच वाक्य हवं होतं. बटर मोकळं असतं म्हणून उन्हात वाहतं, साट्यातलं तूप पिठानं बांधलेलं असतं. लहानपणापासून दर दिवाळीला साटा फेसत आले आणि पॅटिसाच्या वेळी तो एकदाही डोक्यात आला नाही. आता पुढचे सगळे प्रयोग साट्याचे.

रविवार, 20 ऑक्टोबर

नेहमीच्या चिरोट्याचंच प्रमाण घेतलं. मैदा 200 ग्रॅम, दोन टेबलस्पून तुपाचं कडकडीत मोहन, मीठ, घट्ट भिजवून अर्धा तास झाकून. साटा: साजूक तूप 50 ग्रॅम, तांदळाची पिठी 35 ग्रॅम. चार पोळ्या, प्रत्येकीवर साटा, एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी, तिचे तुकडे. तुकडा कापलेली बाजू वर धरून दाबला, लाटला, सारण भरून अर्ध्यात दुमडला. दुपारी तीनला, 32 अंशांत, काहीही फ्रीजमध्ये न ठेवता. एकही लाटी चिकटली नाही.

पण भाजल्यावर कडकणी झाली. रंग पांढुरका, पदर दिसत होते पण एकमेकांना चिकटलेले, दाताखाली पिठी करकरली. 180 वर पंचवीस मिनिटं ठेवलं, मग आणखी दहा. जास्त भाजल्यानं नुसतं वाळत गेलं.

रात्री बसून कारणं लिहिली. एक, तळताना कढईतलं तूप पदरांच्या आत शिरतं. ओटीजीत बाहेरून काहीच मिळत नाही, आवरणाला हवं ते सगळं तूप साट्यातच असायला हवं. दोन, चिरोट्याचं पीठ घट्ट लागतं कारण ते तळणीत फसफसू नये. भाजायला तेच पीठ वाळून लाकूड होतं. तीन, ओटीजी खरंच 180 वर होता का, हेच मला माहीत नव्हतं.

मंगळवार, 22 ऑक्टोबर

ओटीजीच्या आत ठेवायचा तापमापक आणला, 450 रुपये. या पूर्ण कामातला सगळ्यात उपयोगी खर्च.

बटण 200 वर, दहा मिनिटांनी काटा 165 वर. वीस मिनिटांनी 185. त्यापुढे चढेना. बटण 220 वर केल्यावर पंचविसाव्या मिनिटाला 200 आला. म्हणजे दोन आठवडे मी जे 180 समजत होते ते दीडशेच्या आसपास होतं. सहा तारखेचं बटरचं तळंसुद्धा अर्धं यामुळेच झालं असणार. भट्टी मंद असली की थर उचलायच्या आधीच चरबी वितळून निघून जाते. दार उघडलं की काटा 20 अंशांनी खाली येतो, तेव्हा सारखं उघडून बघायचंही बंद.

तुमच्याकडे जुना ओटीजी असेल तर पाककृती बदलायच्या आधी हे तपासा.

बुधवार, 23 ऑक्टोबर

संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर चारच पॅटिसांपुरतं पीठ, दोन वेगळे साटे करून. एक तांदळाच्या पिठीचा, दुसरा मैदा आणि कॉर्नफ्लोअरचा. दोन्हींत तूप वाढवलं. तांदळाच्या पिठीचा साटा तळणीला चांगला, भाजल्यावर मात्र तो करकर सोडत नाही. मैदा-कॉर्नफ्लोअरचा पदर जिभेवर विरघळला. पीठही पोळीच्या कणकेएवढं मऊ भिजवलं.

साटा फेसण्याबद्दल: या दिवसांत तूप अर्धवट पातळ असतं. परातीखाली बर्फाचं पाणी ठेवून हाताच्या तळव्यानं गोल गोल फेसलं. सात-आठ मिनिटांत पिवळं तूप पांढरं होतं, मग पीठ घालायचं. बोटानं उचलल्यावर टोक उभं राहिलं की झालं. टोक वाकलं तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

आज कडा चुकल्या. करंजीसारखी मुरड घातली, काट्यानं दाबूनही पाहिलं. दोन्हींत कडेचे पदर मिटून गेले आणि तिथे जाड, कच्चट पट्टी राहिली. सारण बाहेर आलं नाही, पण कड कोणी खाल्ली नाही, सगळ्यांनी ताटात ठेवली.

रविवार, 27 ऑक्टोबर

जमलं. प्रमाण शांतपणे लिहिते, दहा पॅटिसांचं.

आवरण: मैदा 200 ग्रॅम, कडकडीत तूप 25 ग्रॅम, मीठ पाव चमचा, साखर 1 चमचा, पाणी साधारण 105 मिली. झाकून 40 मिनिटं.

साटा: साजूक तूप 80 ग्रॅम, मैदा 30, कॉर्नफ्लोअर 15.

पिठाच्या चार समान लाट्या. एकेक नऊ इंचांची पोळी, प्रत्येकीवर साटा अगदी कडेपर्यंत. कडेला कोरडी जागा राहिली की गुंडाळीची टोकं वाया जातात. चारही पोळ्या एकावर एक, वरून हलकं लाटणं फिरवून घट्ट गुंडाळी. मधे पोकळी राहिली तर लाटताना तिथेच फाटतं. दहा तुकडे, साधारण 45 ग्रॅमचा एक. झाकून दहा मिनिटं. मग कापलेली बाजू वर ठेवून तळव्यानं दाबायचं आणि मधून बाहेर, एकाच दिशेनं, हलक्या हातानं पाच इंच लाटायचं. पुढे-मागे लाटणं घासलं की वेढे पुसले जातात. जी बाजू वर आहे तीच पॅटिसाच्या बाहेर यायला हवी, म्हणून भरताना पारी उलटी करायची.

मधोमध एक चमचा टोस्टचा बारीक चुरा, त्यावर गार सारण 25 ग्रॅम. चुरा राहिलेला ओलावा पितो, तळ ओला पडत नाही. पाच पॅटिसं चुऱ्याशिवाय केली होती, त्यांचा तळ मऊ होता, फरक लगेच कळतो.

कडेचा उपाय असा: कडेपासून सेंटिमीटरभर आत दुधाचं बोट फिरवून तिथेच दाबायचं. बाहेरची पट्टी दाबायची नाही, ती कातणानं एका फटक्यात कापायची. कातणाच्या कापाला पदर मोकळे राहतात आणि भट्टीत उघडतात. दुमडलेल्या बाजूला सुरीनं दोन बारीक चिरा, वाफ जायला. वरून दूध लावायचं, कापलेल्या कडेवर मात्र नाही, तिथे दुधानं पदर चिकटतात.

भट्टी खरोखरची 200 अंश, पहिली दहा मिनिटं. मग 180 वर अठरा ते वीस मिनिटं. ट्रे मधल्या कप्प्यात.

बाहेर काढल्यावर ट्रे ओट्यावर ठेवला आणि पॅटिसांचा बारीक चुटचुट आवाज येत राहिला, मिनिटभर तरी. वरच्या बाजूला चिरोट्याचे गोल वेढे, बाहेरचे बदामी, आतले फिकट. कडेला कातण फिरलं होतं तिथे पदर वेगळे होऊन वर वळले होते, इतके पातळ की फुंकर मारल्यावर हलत होते. खालून ठोकलं तर पोकळ वाजलं. मधून मोडलं तेव्हा आधी पापुद्रे कोसळले, मग दालचिनीची वाफ आली, आणि सफरचंदाच्या फोडी अख्ख्या होत्या.

वेळ: सारण 50 मिनिटं, तेवढ्यातच पीठ मुरतं. साटा, लाटणं, भरणं 55 मिनिटं. भाजणं 30. खर्च एका खेपेला साधारण 210 रुपये, त्यातलं मोठं गाठोडं तुपाचं.

मंगळवार, 29 ऑक्टोबर

रविवारची दोन पॅटिसं मुद्दाम डब्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मऊ. मायक्रोवेव्हमध्ये चामट झाली, ओटीजीत 170 वर सात मिनिटं ठेवल्यावर पुन्हा खुसखुशीत. तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवरही चालतं, तळ तरी सुधारतो.

मावशीनं दापोलीहून कुरियरनं दालचिनी पाठवली, तिच्या परसातल्या झाडाची. बाजारातली बहुतेक जाड, एकाच सालीची, कडक असते. ही कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली आणि बोटानं चुरते. मिक्सर लागलाच नाही, खलबत्त्यात झाली. वास जास्त मवाळ, गोडसर, तिखटपणा कमी. सफरचंदाबरोबर हीच चांगली लागते, पण ती मवाळ असल्यामुळे पाऊणऐवजी सव्वा चमचा घ्यावी लागली.

गुरुवार, 31 ऑक्टोबर

फराळाच्या धांदलीत बारा कच्ची पॅटिसं करून फ्रीझरमध्ये ठेवली. ट्रेवर सुटी सुटी गोठवली, मग डब्यात, मधे बटर पेपर. गोठवायच्या आधी दूध लावायचं नाही, चिराही पाडायच्या नाहीत.

रविवार, 3 नोव्हेंबर (भाऊबीज)

पॅटिसं फ्रीझरमधून काढून थेट भट्टीत. वितळू दिलं नाही. पहिल्या सहांना 200 वर पंधरा मिनिटं, 180 वर वीस. दोन शिवणीत उकलली. तीच दोन, ज्यांत मी मोह आवरला नाही आणि सारण 35 ग्रॅमच्या वर भरलं होतं. बाकी चार नीट.

दादानं पहिलं उभ्यानंच खाल्लं, कागदावर घेऊन, तिकडे खायचा तसं. म्हणाला, तिथलं जास्त फुगलेलं आणि पोकळ असतं, हे जास्त खुसखुशीत आणि भरीव आहे. बरोबर आहे. बटरमधल्या पाण्याची वाफ थर उचलते, साजूक तुपात पाणी नसतं, त्यामुळे साट्याचे पदर सुटतात पण फुगत नाहीत. ज्यांना तसंच फुगलेलं हवं त्यांनी 13 तारखेची पद्धत थंडीत करावी. दादानं दुसरं मागून घेतलं, आणि तिसऱ्याला विचारलं, "वरचा साखरेचा लेप कुठाय गं?"

तो मी विसरले होते. घाईनं पिठीसाखरेत लिंबाचा रस कालवून गरम पॅटिसांवर ओतला. तो वितळून पदरांत शिरला, कडा ओल्या पडल्या, दोन बिघडली. दुसऱ्या सहांच्या वेळी दादा स्वतः ओट्याशी उभा राहिला. जाळीवर पंचवीस मिनिटं गार होऊ दिली, हात लावून तळ गार झाल्याची खात्री केली आणि चमच्याच्या टोकानं फक्त मधोमध लेपाच्या तिरप्या रेघा ओढल्या, कडेला अजिबात नाही. दहा मिनिटांत लेप पांढरा होऊन सुकला.

लेपाचं प्रमाण: चाळलेली पिठीसाखर 60 ग्रॅम, लिंबाचा रस 2 चहाचे चमचे. चमच्यावरून सलग, जाड धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर साखर वाढवा.